रिकाम्या खुर्चीचं भाडं

१९२४ साली अमेरिकेने परक्यांसाठी दार जवळजवळ लावून घेतलं, आणि त्यामुळेच अमेरिकेतल्या शाळामास्तरांना युरोप दिसला. त्या वर्षीच्या जॉन्सन-रीड कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांचे कोटे इतके आवळले की अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींचा सगळ्यात स्वस्त वर्ग ओस पडला. बोटीच्या पोटातला हा स्टीअरेज म्हणजे इटालियन आणि पोलिश कुटुंबांची गाठोड्यांसकट येण्याची जागा. (हिंदी माणसासाठी ते दार १९१७ सालीच बंद झालं होतं, तेव्हा त्या गर्दीत आपण नव्हतोच.) बोटकंपन्यांनी मग तिथल्या फळ्या काढल्या, रंग मारला, छोट्या केबिनी केल्या, जेवणाची टेबलं मांडली आणि ‘टुरिस्ट थर्ड’ असं नाव ठेवून तीच जागा उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना विकली. ज्या खणातून न्यूयॉर्कला यायला आता फारच थोड्यांना परवानगी होती, त्याच खणातून मॅसॅच्युसेट्सची एखादी शिक्षिका फ्रान्स बघायला निघाली.

मंदीच्या काळात परदेशी स्वस्तात कसं जावं, यावर जे लिहिलं-बोललं जातं, त्यात प्रवाशाच्या हुशारीचं फार कौतुक असतं. अमुक वारी तिकीट काढा, तमुक विमानतळावर उतरा, दोन महिने आधी बघा, तीन महिने आधी बघू नका. या युक्त्या खोट्या नाहीत, मीही वापरतो. पण त्यांनी वाचतात ते चाळीस-पन्नास डॉलर. मोठी स्वस्ताई प्रवाशाच्या डोक्यातून येत नाही, कुणाच्या तरी गैरहजेरीतून येते. ती रिकामी जागा कुणाला घेता येईल, हे खिशात किती पैसे आहेत यावर फार कमी ठरतं. मंदीत तिकीट स्वस्त होतं. प्रवास स्वस्त होतोच असं नाही, आणि अमेरिकेतल्या पुष्कळ मराठी घरांसाठी तर तो नेमका तेव्हाच महाग होतो.

आधी तिकिटाचं बघू. विमानाची खुर्ची म्हणजे रात्री नऊच्या मंडईतली मेथीची जुडी. दार बंद झालं की तिची किंमत शून्य. मंदी आली की आधी कंपनीच्या खर्चाने फिरणारे साहेब घरी बसतात, पुढच्या रुंद खुर्च्या रिकाम्या होतात, आणि त्यांच्या जिवावर चाललेलं सगळं गणित कोलमडतं. म्हणून भाडी पडतात. पण ती पडलेली राहत नाहीत. काही महिन्यांत कंपन्या फेऱ्या कमी करतात, विमानं अ‍ॅरिझोनातल्या मरानाच्या किंवा कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलच्या कोरड्या वाळवंटात नेऊन उभी करतात, आणि उरलेल्या खुर्च्या पुन्हा भरू लागल्या की भाडं चढतं. स्वस्ताईची ही खिडकी बातम्यांत मंदीचा बोभाटा सुरू असतो तेव्हाच उघडी असते, म्हणजे माणसाला घराबाहेर पडायची सगळ्यात जास्त भीती वाटते तेव्हा. मंदी ओसरल्यावर जाऊ म्हणणाऱ्याला स्वस्त तिकीट मिळत नाही.

स्वस्त खुर्च्या विकणाराही यातून सुटत नाही. फ्रेडी लेकर नावाच्या इंग्रज माणसाने सप्टेंबर १९७७ मध्ये लंडन ते न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ सुरू केली. आरक्षण नाही, रांगेत उभं राहायचं, ५९ पौंड टाकायचे आणि बसायचं. प्रस्थापित कंपन्या हादरल्या. मग मंदी आली, पौंड घसरला. लेकरची कमाई बरीचशी पौंडात होती आणि विमानांचं कर्ज डॉलरमध्ये. ५ फेब्रुवारी १९८२ ला त्याचं दुकान बंद झालं आणि हजारो प्रवासी समुद्राच्या दोन्ही बाजूंना तिकिटं हातात धरून उभे राहिले.

लेकरला बुडवणारी एक मोठी गोष्ट म्हणजे चलनाचा दर, आणि अमेरिकी प्रवाशाच्या काटकसरीच्या बहुतेक दंतकथांचं मूळही तिथेच आहे. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये राहणाऱ्या गरीब अमेरिकी लेखकांबद्दल आपण किती हळवे होतो! ते गरीब अमेरिकेत होते. पॅरिसमध्ये त्यांच्या हाती डॉलर होता, आणि युद्धाआधी डॉलरला पाचेक मिळणारे फ्रँक जुलै १९२६ मध्ये पन्नासच्या आसपास मिळत होते. त्याच महिन्यात पॅरिसकरांनी अमेरिकी पर्यटकांच्या बसगाड्यांभोवती जमून हुर्यो केली. त्यांच्या बचतीची राख झाली होती आणि समोरून कुणीतरी शँपेन किती स्वस्त म्हणून हसत जात होतं. पुढे १९३३-३४ मध्ये रूझवेल्टने डॉलरचं सोनं कमी केलं, एका औंसाला २०.६७ डॉलर होते त्याचे ३५ झाले, आणि कॅफेतली ती मंडळी एकेक करून घरी परतली. त्यांची प्रतिभा शाबूत होती, विनिमयाचा दर तेवढा गेला होता.

आर्थर फ्रॉमरचं ‘युरोप ऑन फाइव्ह डॉलर्स अ डे’ १९५७ चं. जर्मनीत सैनिक म्हणून असताना त्याने सैनिकांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढली होती, तिचाच हा मोठा अवतार. त्याचं मोल मी नाकारत नाही. परदेश हा श्रीमंतांचा मक्ता नाही, हे त्याने लाखो कारकुनांना पटवलं. पण पुढच्या आवृत्त्यांची नावं नुसती एकाखाली एक ठेवून बघा. पाचाचे दहा झाले, मग वीस, पंचवीस, आणि शेवटी सत्तरीच्याही पुढे. फ्रॉमर काही उधळा होत गेला नाही. महागाई वाढली आणि डॉलरचा युद्धोत्तर रुबाब उतरला. पाच डॉलरात युरोप दिसत होता, कारण युरोप भाजून निघाला होता.

हेच २००८ नंतर आइसलँडमध्ये झालं. ऑक्टोबरात तिथल्या बँका कोसळल्या, क्रोना घसरला, आणि जगातल्या महागड्या देशांपैकी एक अचानक आवाक्यात आला. २०१० मध्ये पाचेक लाख पर्यटक येत होते, ते २०१७ मध्ये वीस लाखांच्या वर गेले. पुढे महागाई परत आली, पण तोवर सगळ्यांचे फोटो काढून झाले होते. अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर ‘फुकट’ टोकियो करून येणारी आमची मंडळीही वेगळ्या वाटेने दुसऱ्याच्याच जिवावर फिरतात. दुकानदार कार्डाचं शुल्क मालाच्या किमतीत घालतो, आणि ती किंमत रोख देणारा गरीबही भरतो. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये हा हिशेब मांडलाच होता. रोखीवाल्यांकडून कार्डवाल्यांकडे पैसा सरकतो, आणि साधारणपणे कमी कमाईच्या घराकडून जास्त कमाईच्या घराकडे.

मग मंदीत फिरूच नये का? हा निष्कर्ष मला मान्य नाही. मॅसॅच्युसेट्सची ती शिक्षिका घरी बसली असती म्हणून इटालियन कुटुंबाला व्हिसा मिळाला नसता. आइसलँडच्या कोसळलेल्या घराला पर्यटकांच्याच पैशाने टेकू दिला. कुणाच्या अडचणीमुळे आपल्याला जागा मिळाली याची जाण ठेवून जावं, हुज्जत घालून आणखी दोन युरो कमी करू नयेत, एवढं पुरे. ‘अशा दिवसांत कसली ही चैन’ हा सूर मात्र मला कायम संशयास्पद वाटत आला आहे, कारण तो लावायला सरकारांना फार आवडतं. १ जानेवारी १९६८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अमेरिकी जनतेला सांगितलं की पश्चिम गोलार्धाबाहेरचा गरजेपलीकडचा प्रवास दोन वर्षं टाळा, देशाचा डॉलर बाहेर चालला आहे. डॉलर मुख्यतः बाहेर जात होता तो व्हिएतनाममधल्या युद्धापायी आणि कंपन्यांच्या परदेशी गुंतवणुकीपायी, पण बोट दाखवायला रोम बघायला निघालेला निवृत्त पोस्टमन सोयीचा. प्रवासावर कर बसवायची त्यांची योजना काँग्रेसने पुढे जाऊ दिली नाही.

आपल्याकडे सरकारला असं अडवायला कुणी नव्हतं. साठीच्या दशकात रिझर्व्ह बँक परदेशी निघालेल्या माणसाच्या हातावर तीन पौंड किंवा आठ डॉलर टेकवायची. जून १९६६ मध्ये रुपया ४.७६ वरून साडेसातवर आल्यानंतर आठ डॉलरचे साठ रुपये होत. एवढ्यावर माणूस सांताक्रूझहून निघून न्यूयॉर्कला उतरायचा. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आलेल्या पहिल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या पिढीची ही ठरलेली कथा, आणि ती सांगताना अजून त्यांची छाती फुगते. फुगू दे. पण आठ डॉलरात न्यूयॉर्कला दोन दिवस काढता येत नव्हते. मग ते जगले कसे? कुणीतरी घ्यायला आलं होतं म्हणून.

स्वस्त परदेशप्रवासाचा आपला खरा इतिहास हा असा, उतरायच्या जागेचा. १८८३ च्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला पोचल्या तेव्हा बंदरावर त्यांना घ्यायला न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं एक पत्र मिशनऱ्यांच्या मासिकात छापून आलं होतं, ते दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना या बाईंच्या वाचनात आलं, आणि तिथून सगळा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाईंचे अमेरिकेतले पहिले महिने त्या घरात गेले, आणि त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणत. पुढे फिलाडेल्फियात कॉलेजची शिष्यवृत्ती होती, पण राहणं काटकसरीचं. थंडी, धुरकट खोली, अपुरं जेवण यांनी त्यांची प्रकृती ढासळली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्या माणसाचं छप्पर आणि भाड्याचं स्वस्त छप्पर यांतला फरक इतका मोठा असू शकतो. मार्च १८८६ मध्ये त्यांच्या पदवीदानासाठी इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत अडीचेक वर्षं राहिल्या, गावोगाव फिरल्या. हातात काय होतं? व्याख्यानं, १८८७ मध्ये तिथेच छापून घेतलेलं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक, आणि ज्या गावात व्याख्यान त्या गावातल्या बायकांची घरं. त्या प्रवासातून बोस्टनची रमाबाई असोसिएशन उभी राहिली, १८८९ साली मराठीत अमेरिकेवरचं ठसठशीत पुस्तक आलं. आजचा पाच दिवसांत पाच शहरं करणारा प्रवासी यांतलं काय आणतो, ते विचारू नये.

धर्मानंद कोसंबींची तऱ्हा तर याहून निराळी. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस १८९९ मध्ये बौद्ध धर्म शिकायचा ध्यास घेऊन घराबाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश. काशीला अन्नछत्रात जेवला, सिंहलात विहारात राहिला, भिक्षेवर चालला. पुढे १९१० मध्ये हार्वर्डच्या जेम्स वुड्स यांच्या बोलावण्यावरून तो तिथे पोचला ते ‘विशुद्धिमार्ग’ या बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी. विनापैसा प्रवासाची ही कथा वैराग्याची म्हणून सांगतात. मला ती व्यवस्थेचीही वाटते. अन्नछत्र चालवायला कुणाची तरी देणगी लागते, विहाराला दान देणारं गाव लागतं.

अमेरिकेत या परंपरेचा वारसा मराठी घरांच्या तळघरांकडे आला. कुठल्याही मोठ्या शहराजवळ ओळखीच्या ओळखीचं एक घर निघतंच, ‘हॉटेलात कशाला, उतरा की आमच्याकडे’ असं म्हणणारं. तळघरात दोन गाद्या, उशांना जुने अभ्रे, हीटरचा आवाज, सकाळी पोहे. १९८१ साली इथल्या मराठी मंडळींचं बृहन्महाराष्ट्र मंडळ निघालं, त्याच्या आधीपासून हे घराघरांचं जाळं विणलेलं होतं, आणि २००९ च्या जुलैत, मंदीची झळ सगळ्यांना बसत असताना, फिलाडेल्फियाला मंडळाचं अधिवेशन झालं तेही त्या जाळ्याच्या आधारानेच. फक्त या स्वस्ताईचं बिल बहुतेकदा स्वयंपाकघरात फाटतं. आठवडाभर नोकरी करून शनिवारी आठ माणसांच्या पोळ्या लाटणाऱ्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. पाहुणे नायगारा बघून येतात, ती तिसऱ्यांदा डिशवॉशर लावते. भाडं वाचलं याचा अर्थ ते कुणीच भरलं नाही असा होत नाही.

छप्पर झालं. आता उरली रजा आणि कागदपत्रं. अमेरिका हा एकच श्रीमंत देश असा आहे, जिथे पगारी रजा देण्याची देशव्यापी कायद्याने मालकावर सक्ती नाही. म्हणून इथल्या माणसाला सलग दोन महिने मोकळे मिळतात ते नोकरी गेल्यावरच. अमेरिकी नागरिकाला २०२२-२३ च्या नोकरकपातीत काढलं, तर त्याच्या हाती चार महिन्यांचा पगार आणि असा पासपोर्ट असतो, ज्यावर व्हिसा न काढता युरोपात नव्वद दिवस राहता येतं. लिस्बनला खोली घेऊन तो न्यू जर्सीपेक्षा कमी खर्चात राहूही शकतो. घरभाड्याचं ओझं उतरवता आलं तर हा वेडेपणा नाही, चोख व्यवहार आहे. मंदीत स्वस्त प्रवास करा हा सल्ला त्याच्यासाठी अगदी बरोबर.

त्याच दिवशी, त्याच ईमेलने काढलेल्या, एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असलेल्या शेजारच्या मराठी मुलाचे साठ दिवस मोजायला सुरुवात झालेली असते. २०१७ पासूनचा नियम असा, की साठ दिवसांत दुसरा मालक शोधा, दर्जा बदला किंवा देश सोडा. नोकरी शाबूत असली तरी युरोप त्याला सोपा नाही. शेंगेन व्हिसाच्या फायलीत काय काय लागतं बघा: नव्वद युरोंची फी, तीन महिन्यांची बँक स्टेटमेंटं, तीस हजार युरोंचा आरोग्यविमा, परतल्यानंतरही तीन महिने अमेरिकेत राहता येईल याचा कागद, आणि मालकाचं पत्र. हा माणूस आमच्याकडे नोकरीला आहे, याची रजा मंजूर आहे, तो परत येऊन कामावर रुजू होईल. कंपनीत दर पंधरा दिवसांनी माणसं कमी होताहेत आणि तुम्ही एचआरकडे जाऊन फिरायला जाण्यासाठी हे पत्र मागायचं! पुष्कळ जण मागतच नाहीत. तिकीट चारशे डॉलरला खाली आलेलं त्यांना दिसतं, ते मित्राला पाठवतात.

१९ सप्टेंबर २०२५ हा शुक्रवार होता. पितृपक्ष संपत आला होता, घटस्थापना सोमवारवर. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एच-वन-बी च्या अर्जावर एक लाख डॉलरच्या शुल्काचा जाहीरनामा काढला, आणि तो शनिवार-रविवारच्या मध्यरात्री लागू होणार होता. आधीच व्हिसा असलेल्यांना तो लागू आहे की नाही, हे कुणालाच कळेना. मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन यांसारख्या कंपन्यांनी बाहेर असलेल्यांना मुदतीच्या आत परत या म्हणून कळवलं. सॅन फ्रान्सिस्कोला दुबईकडे निघालेल्या विमानातून प्रवासी उतरले. भारतातून अमेरिकेला येणाऱ्या तिकिटांचं भाडं काही तासांत कितीतरी वर गेलं. शनिवारी सरकारने खुलासा केला की हे शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे. तोवर किती जण अर्धवट सुट्टी टाकून विमानतळावर पोचले होते! डिसेंबरात समाजमाध्यमांची छाननी सुरू झाली आणि भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी दिलेल्या मुलाखतींच्या तारखा थेट पुढच्या वर्षावर ढकलल्या. लग्नाला आलेली माणसं इथली नोकरी, इथली शाळा, इथलं घराचं कर्ज तसंच ठेवून तिकडे अडकली.

अशा माणसासाठी मंदीतल्या तिकिटाचा भाव हा बिनकामाचा आकडा आहे. आणि गंमत अशी की त्याला खरोखर लागणारं मुंबईचं तिकीट मंदीतही फारसं उतरत नाही. पॅरिस रद्द करता येतं, बाबांची बायपास रद्द करता येत नाही, आणि भाडं ठरवणाऱ्या संगणकाला हे चांगलं ठाऊक असतं. शाळेच्या सुट्ट्यांत सगळे एकदमच निघतात. २०२२ पासून अमेरिकी विमानांना रशियावरून जाता येत नाही, एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पाकिस्तानवरून. वळसा वाढला, इंधन वाढलं. रुपया डॉलरला नव्वदच्या पुढे गेला म्हणजे गावाकडे घरचं कार्य स्वस्तात पार पडतं खरं, पण तिथून इकडे येऊ बघणाऱ्या आई-वडिलांचा खर्च तेवढाच फुगतो. एकाच घरात एकाच दराचा एकाला फायदा, दुसऱ्याला तोटा.

तेव्हा अमेरिकेतल्या मराठी माणसांना मी सरसकट एक सल्ला देणार नाही. नागरिक झालेल्यांनी, निवृत्तांनी, मुलं मार्गी लागलेल्यांनी मंदीची वाट बघावी आणि फेब्रुवारीत निघावं. बाजार पडलाय म्हणून घरी बसून पडलेला बाजार चढत नाही. विद्यार्थ्यांनीही जावं, गमवायला त्यांच्याकडे फारसं नसतं. पण दहा-बारा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या जोडप्याला ‘लोक बघा कसे फिरतात, तुम्ही नुसते डॉलर साठवता’ असं कुणी ऐकवलं की मला राग येतो. त्यांच्या घरी पैसे आहेत, जिद्दही आहे. पासपोर्टावरचा शिक्का संपलेला आहे.

या शिक्क्याचं प्रकरण बाहेरच्याला चटकन कळत नाही. अमेरिकेत राहण्याची मुदत वेगळी आणि आत येण्याचा व्हिसा वेगळा. मुदत इथल्या इथे वाढते, माणूस कायदेशीर राहतो, कर भरतो. पण व्हिसा संपला असेल तर एकदा बाहेर पडलं की वकिलातीची तारीख, मुलाखत आणि शिक्का झाल्याशिवाय सहसा परत येता येत नाही. हा शिक्का जुलै २००४ पर्यंत अमेरिकेच्या आतच, टपालाने मिळत असे. मग बोटांचे ठसे सक्तीचे झाले आणि ती सोय बंद पडली. वीस वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, परराष्ट्र खात्याने वीस हजार एच-वन-बी धारकांपुरता तो प्रयोग पुन्हा करून पाहिला. अट अशी, की आधीचा व्हिसा ठरावीक काळात भारतातून किंवा कॅनडातून मिळालेला असावा. अर्ज ऑनलाइन, पासपोर्ट टपालाने, मुलाखत नाही. कुठलंही विमान, कुठलीही सवलत, कुठलाही पॉइंट मराठी इंजिनिअरच्या प्रवासखर्चात एवढी बचत करू शकला नसता, आणि यात कुणाची खुर्चीही रिकामी व्हावी लागत नव्हती. १ एप्रिल २०२४ ला अर्ज घेणं थांबलं.